शेअर फोल्डरमधली फाईल 'गायब' झाली? डिलीट करण्याआधी एवढं तपासा

परभणी : अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिलेले असतात. गावाहून सकाळच्या बसने तालुक्याला आलेला शेतकरी सेवा केंद्रावर नंबर लावून बसतो. परवाच सातबारा, बँक पासबुक आणि आधार स्कॅन करून दिलेलं असतं. नंबर येतो, केंद्रचालक कॉम्प्युटरमध्ये शोधतो आणि म्हणतो, "काका, तुमची फाईल तर इथं दिसतच नाही. कागद परत आणा." कागद घरी, घर पंचवीस किलोमीटरवर आणि परतीची बस दुपारी.

पण पुष्कळदा फाईल कुठंच गेलेली नसते. ती असते तिथंच. समोरच्या कॉम्प्युटरला फक्त दिसत नसते. 'दिसत नाही' आणि 'नाही' यात मोठा फरक आहे. तो ओळखला नाही तर घाईगडबडीत खरंच फाईल घालवण्याची वेळ येते. म्हणून केंद्र चालवणाऱ्यांनी आणि केंद्रात कागद देणाऱ्यांनीही हा प्रकार नेमका काय आहे, हे समजून घेतलेलं बरं.

शेअर ड्राइव्ह म्हणजे काय?

परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम की पूर्णा, कोणत्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा शाळेचं कार्यालय बघा. दोन-तीन कॉम्प्युटर असतात, एकाला स्कॅनर आणि एकाला प्रिंटर जोडलेला असतो. प्रत्येक वेळी पेन ड्राइव्ह फिरवायला नको म्हणून एका कॉम्प्युटरवर एक फोल्डर तयार करतात आणि तो वायफाय किंवा केबलवरून बाकीच्या कॉम्प्युटरना उघडा करतात. यालाच शेअर फोल्डर म्हणतात. बाकीच्या कॉम्प्युटरवर त्याला झेड किंवा वाय असं अक्षर दिलं की तो नेटवर्क ड्राइव्ह.

गावातल्या भाषेत सांगायचं तर धान्याची कोठी एका घरात आहे आणि तिच्याकडे बघायला शेजारच्या दोन घरांतून खिडक्या ठेवल्या आहेत. खिडकीची काच धुरकट झाली, झडप लागली किंवा मधे कुणी उभं राहिलं तर धान्य दिसणार नाही. कोठीतलं धान्य मात्र कमी झालेलं नसतं. कॉम्प्युटरवरचं पिवळ्या फोल्डरचं चित्र, म्हणजे फाईल एक्स्प्लोरर, ही अशीच खिडकी आहे.

पहिला नियम : आधी काही डिलीट करू नका

आपल्या कॉम्प्युटरवरची फाईल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून परत आणता येते. नेटवर्क ड्राइव्हवरची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून डिलीट केली तर ती सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. थेट पुसली जाते. विंडोज 'कायमची डिलीट करायची का?' असं विचारतं, पण गर्दीच्या वेळी ते वाचतो कोण? 'हा जुना फोल्डर बिघडलाय, काढून नवा करू' असं म्हणून केलेली एक क्लिक शंभर जणांचे कागद घालवू शकते.

तसंच त्याच नावाची दुसरी फाईल टाकून 'रिप्लेस' दाबू नका. शंका असेल तर नवीन फाईलला वेगळं नाव द्या.

दुसरा नियम : कोठीच्या घरात जाऊन बघा

फोल्डर ज्या मुख्य कॉम्प्युटरवर आहे, तिथं जाऊन तोच फोल्डर उघडा. या एका गोष्टीने निम्मा गोंधळ मिटतो. तिथं फाईल दिसली तर फाईल सुखरूप आहे, दोष खिडकीत म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा मधल्या वायफायमध्ये आहे. तिथंही दिसली नाही तर ती चुकीच्या फोल्डरमध्ये सेव्ह झाली असेल किंवा खरंच पुसली गेली असेल. मग मुख्य कॉम्प्युटरचं रिसायकल बिन आणि स्कॅनरच्या प्रोग्रामचा सेव्ह करायचा फोल्डर बघायचा. तिथं बसून डिलीट केली असेल तर ती बिनमध्ये सापडू शकते.

मुख्य कॉम्प्युटरवर फाईल आहे हे नक्की झालं की पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा.

१. नुकती स्कॅन केलेली फाईल दिसत नाही

दर वेळी मुख्य कॉम्प्युटरला विचारत बसायला नको म्हणून विंडोज फोल्डरची यादी थोडा वेळ लक्षात ठेवतं. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ही आठवण साधारण १० सेकंदांची असते. एखादी फाईल 'सापडली नाही' हेसुद्धा ते ५ सेकंद लक्षात ठेवतं. म्हणजे स्कॅन होताच लगेच शोधलं तर जुनीच यादी दिसू शकते. थोडं थांबा आणि कीबोर्डवरचं एफ-५ बटण दाबा. यादी ताजी होते. लॅपटॉपवर काही वेळा एफएन बटणासोबत एफ-५ दाबावं लागतं.

२. फोल्डरमध्ये दिसते, पण अर्ज भरताना दिसत नाही

मुदतीच्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. वेबसाईटवर 'अपलोड' दाबलं की एक छोटी खिडकी उघडते. अर्जाला फोटो हवा असेल तर ती खिडकी फक्त जेपीजी फाईल दाखवते, पीडीएफ लपवते. पीडीएफ हवी असेल तर फोटो लपवते. फोल्डर रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो. त्या खिडकीत खाली उजव्या बाजूला फाईलचा प्रकार लिहिलेला असतो. तिथं 'ऑल फाइल्स' निवडा, सगळं दिसेल. पण अपलोड मात्र अर्जाला हव्या त्या प्रकारातच करा, नाहीतर अर्ज स्वीकारला जाणार नाही.

३. फाईल वर नाही, खाली आहे

यादी तारखेप्रमाणे लावलेली असली की ताजी फाईल सगळ्यात वर असेल असं आपण धरून चालतो. पण पेन ड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाईलला कॉपी केल्याची तारीख लागत नाही, तिच्यात शेवटचा बदल झाला तीच तारीख राहते. मागच्या वर्षी काढलेला जातीच्या दाखल्याचा स्कॅन आज टाकला तरी तो मागच्या वर्षीच्या रांगेत जाऊन बसतो. अशा वेळी यादी नावाप्रमाणे लावून शोधा.

दुसरं कारण मुख्य कॉम्प्युटरच्या घड्याळाचं. जुन्या कॉम्प्युटरच्या आत एक गोल बटण-सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं आणि नवीन फाईलवर जुनी तारीख पडते. हा सेल स्वस्तात मिळतो, बदलून घ्या.

शोधायच्या चौकटीवरही पूर्ण भरवसा ठेवू नका. विंडोज नेटवर्क ड्राइव्हची आधीपासून यादी करून ठेवत नाही, त्यामुळे तिथला शोध हळू चालतो. हिरवी पट्टी पूर्ण होईपर्यंत थांबा.

४. ड्राइव्हवर लाल फुली

नेटवर्क ड्राइव्हच्या चित्रावर लाल फुली दिसली म्हणजे ड्राइव्ह बिघडला असं नाही. बराच वेळ काम नसेल तर मुख्य कॉम्प्युटर जोडणी सोडून देतो. नेहमीची वेळ १५ मिनिटं. ड्राइव्हवर दोनदा क्लिक केलं की बहुतेक वेळा जोडणी परत होते.

लाईट जाऊन आल्यावर वेगळीच गंमत होते. सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू होतात, पण राउटर उशिरा उठतो. समोरचा कॉम्प्युटर ड्राइव्ह शोधतो, वायफाय अजून आलेलं नसतं आणि 'सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असा संदेश येतो. यावर साधा क्रम ठेवा : आधी राउटर, मग मुख्य कॉम्प्युटर, तो पूर्ण सुरू झाल्यावर बाकीचे.

तरीही जोडलं नाही तर मुख्य कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा क्रमांक बदलला असण्याची शक्यता आहे. राउटर प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा एक क्रमांक वाटून देतो आणि राउटर बंद होऊन सुरू झाला की तो बदलू शकतो. ड्राइव्ह जोडताना क्रमांक वापरला असेल तर रस्ता चुकतो. म्हणून क्रमांकाऐवजी कॉम्प्युटरचं नाव वापरा, किंवा राउटर बसवणाऱ्याकडून मुख्य कॉम्प्युटरसाठी एक क्रमांक कायम राखून घ्या.

ड्राइव्हला ई, एफ, जी अशी सुरुवातीची अक्षरं देऊ नका. पेन ड्राइव्ह लावला की तोही तीच अक्षरं मागतो आणि दोघांपैकी एक दिसेनासा होतो. झेड, वाय, एक्स अशी शेवटची अक्षरं द्या.

५. 'नेटवर्क'मध्ये एकही कॉम्प्युटर दिसत नाही

डाव्या बाजूच्या 'नेटवर्क'वर क्लिक केल्यावर रिकामं दिसतं. ही यादी म्हणजे फक्त 'मी इथं आहे' असं ओरडणाऱ्या कॉम्प्युटरची यादी. एखादा ओरडला नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे मुख्य कॉम्प्युटरचं नाव इंग्रजीत टाईप करून एंटर दाबा. फोल्डर उघडला तर काम झालं.

नाही उघडला तर मुख्य कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जाऊन जोडणी 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघा. नवीन राउटर बसवला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोज त्याला परकं समजतं, 'पब्लिक' धरतं आणि दारं लावून घेतं. स्वतःच्या दुकानातल्या वायफायसाठी 'प्रायव्हेट' निवडा. मग 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का बघा. तरीही नाव यादीत येत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा सुरू करा. ओरडण्याचं काम तीच करते.

६. अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून बंद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. त्यामुळे अनेकांनी विंडोज ११ घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४ एच २ या आवृत्तीपासून शेअरिंगचे नियम कडक झाले आहेत. विशेषतः प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय, म्हणजे 'पाहुणा' म्हणून, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरायची सोय बंद ठेवलेली असते. कालपर्यंत बिनपासवर्ड उघडणारा फोल्डर आज उघडत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

यावर सरळ उपाय आहे. मुख्य कॉम्प्युटरवर शेअरिंगसाठी एक वेगळं खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्या. समोरच्या कॉम्प्युटरवर ते नाव-पासवर्ड एकदा टाका आणि लक्षात ठेवण्याच्या चौकटीत खूण करा. एक लक्षात ठेवा, कॉम्प्युटर उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथं चालत नाही. इथं पासवर्डच लागतो. 'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही' ही तक्रार अनेकदा पिन टाकल्यामुळे असते.

झटपट उपायापासून सावध

मोबाईलवर व्हिडिओ बघून काही जण 'एसएमबी-१ चालू करा, पासवर्ड बंद करा, फायरवॉल बंद करा' असा उपाय करतात. फोल्डर दिसायला लागतो, हे खरं. पण एसएमबी-१ ही कॉम्प्युटरनी एकमेकांशी फाईलबद्दल बोलायची फार जुनी पद्धत आहे. तिच्यातल्याच एका छिद्राचा फायदा घेऊन १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. फाईल कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामही त्यामुळे कोलमडलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती; ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-१ मुळातच बंद असतं. ते पुन्हा उघडणं म्हणजे कोठीचं कुलूप काढून ठेवणं.

आणि या कोठीत धान्य नाही, गावोगावच्या लोकांचे आधार, पासबुक, सातबारा आहेत. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वायफायचा पासवर्ड दिला आणि फोल्डर बिनपासवर्ड असला, तर त्याच्या मोबाईलवरूनही हे सगळं उघडता येऊ शकतं.

७. चित्र एकाचं, फाईल दुसऱ्याची

फोल्डरमध्ये फोटोंची छोटी चित्रं दिसतात. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये विंडोज ही चित्रं एका लपवलेल्या फाईलमध्ये साठवतं. त्याच नावाने नवा फोटो टाकला तर कधीकधी चित्र जुनंच दिसत राहतं. त्यामुळे नुसतं चित्र बघून अपलोड करू नका. फाईल उघडा, नाव आणि फोटो माणसाशी जुळवा, मगच पुढं जा. शिष्यवृत्तीच्या अर्जावर दुसऱ्याच मुलीचा फोटो गेला तर दुरुस्तीला हेलपाटे घालावे लागतात.

हजारो फोटो एकाच फोल्डरमध्ये असले की तो उघडायलाच वेळ लागतो. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कस्टमाइज' इथं जाऊन 'जनरल आयटम्स' निवडा आणि चित्रांऐवजी 'डिटेल्स' यादी ठेवा, फरक जाणवेल. त्याहून चांगलं म्हणजे गावाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे वेगळे फोल्डर करा.

मोबाईलवरून शेअर फोल्डर उघडत नाही

मोबाईलवरही हा फोल्डर बघता येतो. काही कंपन्यांच्या फाईल ॲपमध्ये 'नेटवर्क स्टोरेज' असा पर्याय असतो, आयफोनच्या 'फाइल्स' ॲपमध्ये २०१९ पासून 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. दिसत नसेल तर दोन गोष्टी बघा. मोबाईल त्याच वायफायवर आहे का? मोबाईल डेटावर असेल तर दुकानातला फोल्डर दिसणार नाही. आणि वायफाय 'गेस्ट' नावाचं आहे का? गेस्ट वायफाय सहसा इंटरनेट देतं, पण आतल्या कॉम्प्युटरपर्यंत जाऊ देत नाही. ते तसंच असू द्या, गिऱ्हाइकांना तेच द्यावं.

कागद देणाऱ्याने काय करावं?

केंद्रात स्कॅन झाल्यावर फाईल कोणत्या नावाने ठेवली, ते विचारून घ्या. आपलं नाव, गाव आणि कागदाचा प्रकार एवढं फाईलच्या नावात असलं तर कुणीही शोधू शकतं. 'स्कॅन ००४५' असं नाव असेल तर ठेवणाऱ्यालाही आठवत नाही.

अर्ज भरून झाला असेल आणि अर्ज क्रमांकाची पावती हातात असेल तर घाबरू नका. अपलोड झालेले कागद सरकारी पोर्टलवर असतात, दुकानाच्या फोल्डरमध्ये नाही. दुकानातली फाईल दिसेना म्हणून जमा झालेला अर्ज रद्द होत नाही. पावती मात्र जपून ठेवा, तिचा मोबाईलमध्ये फोटोही काढा.

डिजिलॉकरमध्ये आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका अशी जी कागदपत्रं खात्याकडून थेट आलेली असतात, ती माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मूळ कागदपत्रांसारखीच धरली जातात. ती मोबाईलमध्ये असली तर परत गावी जायची वेळ येत नाही.

चालकाने काय करावं?

आठवड्यातून एकदा शेअर फोल्डरची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कलाही व्हायरस लागतो. ज्यांचं काम संपलं त्यांच्या आधारच्या प्रती मुद्दाम, शांतपणे, यादी बघून काढून टाका. आणि काउंटरजवळ एक चिठ्ठी चिकटवा : फाईल दिसली नाही तर आधी मुख्य कॉम्प्युटर बघायचा, मग एफ-५, मग 'ऑल फाइल्स'. डिलीट कुणीच करायचं नाही.

या तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं पुरतात. 'कागद परत आणा' म्हणण्याआधी ती पाच मिनिटं दिली, तर समोर बसलेल्या माणसाची गावाची एक फेरी आणि एका दिवसाची मजुरी वाचते.